बेळगावात पहिले एकल छायाचित्र प्रदर्शन भरवताना

प्रदर्शन भरवायचे ठरले की बहुतेकजण आधी प्रिंट काढतात, मग फ्रेम करून घेतात आणि शेवटी हॉल शोधतात. भडक आणि मोठ्या चित्रांना हा क्रम चालून जातो, गडद रंगांच्या शांत छायाचित्रांना चालत नाही. खानापूरकडच्या कौलारू घरातले अंधारे माजघर आणि खुंटीवर टांगलेले जांभळे इरकल घ्या. त्या चित्राचा सगळा जीव काळ्याच्या अलीकडच्या दोन-तीन छटांत असतो. हॉलमधली ट्यूब निळसर असली किंवा समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब काचेवर पडले, की त्या छटा गेल्या आणि भिंतीवर उरला काळा चौकोन. म्हणून आधी हॉल ठरवा, त्या हॉलच्या उजेडात नमुना प्रिंट बघा आणि मगच मोठ्या खर्चाला हात घाला.

हॉल आणि तारीख

टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाकडे चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या नावाचे कलादालन आहे, चौकशीची सुरुवात तिथून करावी. त्याखेरीज वाचनालये, शाळा-महाविद्यालये आणि संस्थांचे सभागृह भाड्याने मिळतात. निपाणी, खानापूर, संकेश्वर अशा ठिकाणी तर सभागृह हाच मार्ग. सभागृह चित्रांसाठी बांधलेले नसते, त्यामुळे तिथे तयारी जास्त लागते.

पाहणीला जाताना टेप, वही, एक कोरा पांढरा कागद आणि गडद रंगांचे एखादे जुने प्रिंट बरोबर ठेवा. भिंतींची लांबी धावत्या फुटांत मोजा. ३० बाय २० फुटांचा हॉल म्हणजे १०० फूट भिंत, पण दारे, खिडक्या, फळा आणि व्यासपीठ वजा जाता हाती साधारण ७० फूट येतात. २६ इंच रुंदीची फ्रेम आणि दोन फ्रेममध्ये १६ इंच मोकळी भिंत धरली तर एका चित्राला साडेतीन फूट लागतात, म्हणजे २० चित्रे. शांत चित्रांसाठी हा आकडा कमाल समजा. १६ किंवा १८ लावलीत तर उत्तमच. ती १६ इंचांची मोकळी भिंत वाचवून आणखी पाच चित्रे बसवायचा मोह सगळ्यांना होतो, आणि प्रदर्शन बिघडते ते बहुधा तिथेच.

खिळे ठोकायची परवानगी आहे का, हे तोंडी विचारून थांबू नका, पावतीवर लिहून घ्या. जुन्या इमारतींत जांभ्या दगडावर चुन्याचा गिलावा असतो. खिळा मारला की गिलाव्याचा पापुद्राच निघून येतो आणि अनामत रक्कम जाते. छताजवळ आडवा लोखंडी रूळ असेल तर एस-आकाराचे हूक आणि नायलॉनची दोरी पुरते. काहीच सोय नसेल तर मंडपवाल्याकडून ८ बाय ४ फुटांचे प्लायवूडचे पॅनेल उभे करून घ्या आणि त्यांना फिकट राखाडी किंवा मोतिया रंग द्या. एका पॅनेलवर एकच चित्र लावा. २६ इंचांच्या फ्रेमला दोन्ही बाजूंनी ११-११ इंच मोकळे राहतात, तेवढे हवेतच. पॅनेलवर मंडपवाले झालरीचे चकचकीत कापड ताणून देतात, ते आधीच नको म्हणून सांगा. केशरी किंवा हिरव्या कापडाशेजारी कुठलाच रंग स्वतःचा राहत नाही.

तारखेचे गणित इथले वेगळे आहे. मिरग लागल्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत हवेत एवढा ओलावा असतो की कागद लाटांसारखा उठतो आणि काचेच्या आत बुरशी धरते. त्यातच गणेशोत्सव, पुढे दसरा, दिवाळी. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची फेरी असते, मधल्या शहरातली वाहतूक वळवलेली असते. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन भरले तर हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत, आणि मार्चमध्ये परीक्षा. नोव्हेंबरचा उत्तरार्ध, जानेवारी आणि फेब्रुवारी हे खरे दिवस. चार-पाच दिवसांचे प्रदर्शन ठेवा आणि त्यात रविवार येईल असे बघा, कारण चिकोडी, हुक्केरी, चंदगडकडची माणसे सुटीलाच येतात. हॉलचे आरक्षण मात्र उद्घाटनाच्या आदल्या संपूर्ण दिवसापासून घ्या. टांगणी आणि दिव्यांची जुळवणी यांना तो दिवस पुरा लागतो.

उजेड

हॉलचे दिवे लावा, पांढरा कागद भिंतीला धरा आणि बरोबर नेलेले प्रिंट त्याच्या शेजारी. कागद निळसर दिसला तर दिवे ६५०० केल्विनच्या आसपासचे आहेत (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप, आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड निळसर). प्रिंटमधला लाल विटकरी किंवा चॉकलेटी दिसू लागला तर दिव्यांचा रंगदर्शनांक, म्हणजे सीआरआय, कमी आहे. स्वस्त एलईडी ट्यूबचा सीआरआय ८०च्या आसपास असतो आणि गडद लाल दाखवण्यात ती सगळ्यात कच्ची असते. आपल्याकडच्या चित्रांत लाल केवढा असतो: संकेश्वरी मिरचीची वाळवण, जांभ्याच्या भिंती, खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती. त्यामुळे सीआरआय ९० किंवा त्याहून वरचे, ३००० ते ४००० केल्विनचे स्पॉटलाइट भाड्याने किंवा विकत घ्या आणि सगळे एकाच केल्विनचे घ्या. खोक्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात, नसतील तर तो दिवा घेऊ नका. लग्नाच्या स्टेजवरचे रंग बदलणारे पार लाइट इथे उपयोगाचे नाहीत, पांढऱ्यावर ठेवले तरी त्यांचा पांढरा खरा नसतो.

स्पॉटलाइट उभ्या रेषेशी ३० अंशांच्या कोनात यायला हवा. चित्राच्या मध्यापासून दिवा ४ फूट उंच असेल तर तो भिंतीपासून सव्वादोन फुटांवर ठेवा. याहून जवळ आणला तर फ्रेमची सावली चित्रावर पडते, दूर नेला तर पाहणाऱ्याच्या डोक्याची. मोबाइलमधल्या लक्समापक ॲपवर चित्राच्या पृष्ठभागावर १५० ते २०० लक्स आले की पुरे. त्या दिवसांत छताच्या ट्यूब बंद ठेवा आणि खिडक्यांना जाड पडदे लावा. नाहीतर सकाळी अकराला एक प्रदर्शन असते आणि संध्याकाळी सहाला दुसरेच. वीज गेली तर काय, याचेही उत्तर तयार हवे. दिवे एलईडीचे असल्याने साध्या इन्व्हर्टरवर सहज चालतात.

निवड

सगळ्या छायाचित्रांतून ६० निवडा आणि त्यांचे ४ बाय ६ इंचांचे साधे प्रिंट काढा. ते जमिनीवर मांडा आणि आठवडाभर येता-जाता हलवत राहा. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक चित्र एकटे आणि उजळ दिसते, त्यामुळे तिथे सगळीच चांगली वाटतात. जमिनीवर मात्र कोणते चित्र शेजाऱ्याला मारते ते लगेच कळते.

वडगाव-खासबागच्या मागांवरचे ताणे, निपाणीकडची तंबाखूची पाने, पावसातले लोंढा स्टेशन, अशा विषयांची चित्रे काढली असतील तर विषयवार गट पाडण्याचा मोह टाळा आणि रंगाने जोडा. मागावरच्या गडद निळ्या सुतानंतर पावसातला निळसर फलाट ठेवला तर पाहणारा आपोआप एका चित्रातून दुसऱ्यात जातो. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. भरगच्च लाल काही क्षण पाहिल्यावर डोळा पुढच्या फिकट जागेत हिरवट-निळी झाक पाहतो. म्हणून मिरच्यांच्या चित्राशेजारी चेहऱ्याचे चित्र लावू नका, माणूस आजारी दिसेल. मध्ये एखादे अंधारे, कमी रंगाचे चित्र घाला.

कलेच्या दालनांत रंगीत छायाचित्रांना जागा उशिराच मिळाली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९७६ साली विल्यम एगलस्टन यांचे रंगीत छायाचित्रांचे प्रदर्शन झाले तेव्हा अनेक समीक्षकांनी नाके मुरडली होती, रंग जाहिरातींसाठी असा तेव्हाचा समज होता. आपल्याकडे रघुबीर सिंग (१९४२–१९९९) रंगीत फिल्मवरच भारत टिपत राहिले. दोघांचे काम निवडीला बसण्याआधी जरूर पाहा. एगलस्टनकडे एका रंगावर चित्र कसे उभे राहते ते कळते, आणि रघुबीर सिंगांच्या गजबजलेल्या चौकटीतही रंग एकमेकांच्या अंगावर का जात नाहीत ते पाहण्यासारखे आहे.

ज्यांचा चेहरा ओळखू येतो त्यांची लेखी संमती या टप्प्यावरच घ्या. गाव लहान असते, आणि भिंतीवर स्वतःला अचानक पाहणे कुणाला रुचेलच असे नाही.

फाइल तयार करणे

पडद्याची उजळता कमी करा. बहुतेक लॅपटॉप गरजेपेक्षा फार उजळ ठेवलेले असतात, म्हणूनच ‘प्रिंट काळपट आले’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजून जुळवणारे उपकरण, मिळाला तर उजळता चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला, रंग ६५०० केल्विन, गॅमा २.२ असे लावा. नसेल तर रात्रीचा पिवळा प्रकाश आणि आपोआप बदलणारी उजळता ही दोन्ही बंद करा आणि रोज त्याच खोलीत, त्याच वेळी काम करा.

व्हाइट बॅलन्स मालिकेतल्या सारख्या उजेडातल्या चित्रांना जवळजवळ एकच ठेवा. उन्हातल्या चित्रांना ५२०० ते ५५०० केल्विन, ढगाळ पावसाळी चित्रांना ६५०० च्या आसपास. ऑटोवर सोडले तर कॅमेरा तांबड्या मातीची ऊब ‘चूक’ समजून काढून टाकतो. त्या मातीवरून उसळलेला तांबूस उजेड माणसाच्या हनुवटीखाली आणि पांढऱ्या धोतराच्या काठावर चढतो, तीच तर या भागाची खूण आहे. तो पुसू नका.

रंग गडद करायचा तर सॅच्युरेशनच्या पट्टीला शेवटी हात लावा. आधी त्या रंगाची उजळता, म्हणजे ल्युमिनन्स, खाली आणा. १० ते १५ अंकांनी खाली आणलेला लाल जेवढा भरदार दिसतो तेवढा सॅच्युरेशन ३० ने वाढवूनही दिसत नाही, उलट त्याचे प्लास्टिक होते. कारण सरळ आहे. मिरचीच्या चित्रात लाल चॅनेल आधीच २५५ ला, म्हणजे कमाल आकड्याला, टेकलेला असतो, सॅच्युरेशन वाढवले की सुरकुत्यांचा तपशील सपाट होतो. म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे उजळतेचा आलेख, लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही चॅनेलचा वेगवेगळा बघा. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेतल्या भंडाऱ्याला तर लाल आणि हिरवा असे दोन्ही चॅनेल एकदम टेकतात. तिथे चित्र काढतानाच दोन तृतीयांश स्टॉप कमी एक्स्पोजर द्यावे, नंतर दुरुस्ती होत नाही. कणकुंबीकडच्या पावसाळी हिरव्याला कॅमेरा पोपटी करून ठेवतो. त्याची छटा किंचित निळ्याकडे सरकवा आणि सॅच्युरेशन १० ते २० ने उतरवा, मग ते रान खरे दिसते.

आकाराचा हिशेब: १२ बाय १८ इंच, इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे ३६०० बाय ५४०० पिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला हे सहज जमते. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलवरून १२ बाय १६ इंच, इंचाला २५० पिक्सेलने चांगले निघते. शांत चित्राला याहून मोठा आकार लागतोच असे नाही, माणसाला दोन पावले पुढे यावेसे वाटणे चांगले.

प्रिंट

दोन वाटा आहेत. पहिली, बेळगावातल्याच लग्नाच्या अल्बमच्या लॅबमध्ये रासायनिक प्रक्रियेचे प्रिंट. ते स्वस्त आणि लवकर मिळतात. तिथे फाइल एस-आरजीबी या रंगपट्ट्यातली, ८ बिट, जेपेगच द्या. ॲडोबी आरजीबीची फाइल दिलीत तर मशीन तिला एस-आरजीबी समजून छापते आणि सगळे रंग मरगळलेले येतात. ऑर्डरवर ‘करेक्शन नको’ असे ठळक लिहा, नाहीतर लॅबचा माणूस प्रामाणिकपणे तुमचे अंधारे माजघर उजळून देईल. कागद लस्टर, म्हणजे कमी चकाकीचा, मागा. चकचकीत आणि मेटॅलिक कागद दोन्ही टाळा.

दुसरी वाट, पुणे, मुंबई किंवा बंगळुरूच्या लॅबमधून पिगमेंट शाईचे इंकजेट प्रिंट. त्यांच्याकडून कागदाचे आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात त्याची फाइल) मागवून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईचा पडद्यावरचा अंदाज, बघा, आणि फाइल १६ बिट टिफ द्या. कागद निवडताना एवढे ध्यानात ठेवा: बरायटा कागदावर काळा खोल जातो, मॅट कॉटन रॅगवर तेवढा जात नाही. अंधाऱ्या खोल्या आणि गडद रंग असतील तर बरायटा, धुके आणि पावसाची मालिका असेल तर मॅट. एका प्रदर्शनात दोन्ही मिसळू नका.

सगळी चित्रे एकदम छापायला देऊ नका. सगळ्यात अवघड चार चित्रे निवडा: एक गडद लाल, एक हिरवे, एक कातडीच्या रंगाचे आणि एक जवळजवळ काळे. प्रत्येकाचा ४ बाय १० इंचांचा महत्त्वाचा तुकडा अंतिम मापाला तीन प्रकारे छापा: आहे तसा, एक तृतीयांश स्टॉप उजळ आणि दोन तृतीयांश स्टॉप उजळ. शाई २४ तास वाळू द्या, मग या पट्ट्या हॉलमध्ये नेऊन ठरलेल्या दिव्याखाली, ठरलेल्या उंचीवर, समोर काच धरून बघा. घरी सर्वांत चांगली वाटलेली पट्टी तिथे बहुतेक वेळा नापास होते आणि एक पायरी उजळ असलेली पास होते. पट्ट्यांवर होणारा हा छोटा खर्च पूर्ण संचाचा खर्च वाचवतो.

फ्रेम

शहरातल्या बहुतेक फ्रेमवाल्यांचा हात देवांच्या तसबिरी आणि लग्नाच्या फोटोंवर बसलेला आहे. काम सफाईचे असते, पण तुम्हाला काय हवे ते मापांसकट कागदावर लिहून द्यावे लागते. १२ बाय १८ च्या प्रिंटला चारी बाजूंनी ३ इंच माउंट (प्रिंटभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट), म्हणजे फ्रेमचे आतले माप १८ बाय २४. पट्टी पाऊण ते एक इंच, काळी किंवा गडद शिसवी, नक्षी नाही, सोनेरी काठ नाही. बाहेरचे माप साधारण २० बाय २६ इंच येते.

माउंट बोर्ड आम्लरहित मागा, तो बहुधा पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो. साध्या पुठ्ठ्याची कड काही वर्षांत पिवळी पडते आणि तो डाग प्रिंटमध्ये उतरतो. प्रिंट माउंटला फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने टांगा. फेविकॉल, सेलोटेप, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप यांतले काही वापरू नका. पावसाळ्यात कागद फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, चारी कडा चिकटवलेला कागद जायला जागा नसल्याने मधोमध उठतो.

काच प्रिंटला टेकता कामा नये. माउंटची जाडी तेवढी जागा देते, माउंट नको असेल तर काच आणि प्रिंटमध्ये पट्टी टाकायला सांगा. टेकलेल्या जागी दव धरते, प्रिंट काचेला चिकटते आणि सोडवताना रंगच निघून येतो. २ मिलिमीटरची साधी काच चालते. खरबरीत नॉन-ग्लेअर काच घेऊ नका, ती काळ्याला राखाडी करते आणि बरायटावर केलेला खर्च वाया जातो. मागे ३ मिलिमीटरचा एमडीएफ, त्याच्या आणि प्रिंटच्या मध्ये आम्लरहित कागद, आणि कडा कागदी टेपने बंद करा म्हणजे धूळ आणि कसर आत जात नाही. अशी फ्रेम साधारण ३ किलोची होते.

टांगणी

चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर ठेवा, सगळ्या चित्रांचा एकच. हुकाची उंची अशी काढा: ५८ अधिक फ्रेमच्या उंचीचा अर्धा भाग, वजा ताणलेली तार फ्रेमच्या वरच्या कडेपासून जेवढी खाली येते ते अंतर. २० इंच उंच फ्रेमची तार अडीच इंच खाली येत असेल तर ५८ + १० − २.५, म्हणजे ६५.५ इंच. दोन हूक लावा, एका हुकावर फ्रेम दिवसभरात तिरकी होतेच. दोरीला ताण देऊन सरळ रेषा आखून घ्या आणि स्पिरिट लेव्हलने तपासा. जुन्या हॉलची फरशी उतरती असते, म्हणून मोजमाप प्रत्येक ठिकाणी फरशीवरून न करता या दोरीवरून करा. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून फेल्टची बटणे चिकटवा म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते.

नावपट्ट्या आणि फलक

नाव, ठिकाण, वर्ष, एवढेच लिहा. अक्षर १४ ते १६ पॉइंट, पट्टी फ्रेमच्या उजव्या कडेपासून ४ इंचांवर, खालच्या कडेच्या रेषेत. मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत लिहा. इथला पाहणारा तिन्ही भाषांचा आहे आणि आपली भाषा भिंतीवर दिसली की तो जास्त वेळ थांबतो. कन्नड मजकूर कन्नड वाचणाऱ्याकडून तपासून घ्या, यंत्राने केलेल्या भाषांतरात गावांची नावे हमखास चुकतात. दाराशी लावायचे निवेदन १५० ते २०० शब्दांचे पुरे.

बाहेरच्या फलकासाठी कापड वापरा, कर्नाटकात प्लास्टिकच्या फ्लेक्सवर २०१६ पासून बंदी आहे. व्यापारी पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला देण्याचा कायदा २०२४ पासून आहे, फलकाचा आराखडाही त्याच प्रमाणात करून महापालिकेला दाखवा, म्हणजे ऐन वेळी फलक उतरवायची पाळी येत नाही.

ते दिवस

भाषणे आणि खुर्च्या व्हरांड्यात किंवा शेजारच्या खोलीत ठेवा. हॉलच्या मधोमध मांडलेल्या खुर्च्या एकदा बसल्या की उठत नाहीत आणि चित्रांपर्यंत वाट राहत नाही. समई दाराबाहेर लावा, तेलाची काजळी काचेवर बसते. पार्श्वसंगीत नको. वेळ सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ४ ते ८ ठेवा. रोज दार उघडण्याआधी सुती कापडाने काचा पुसा, पाणी काचेवर न फवारता कापडावर घ्या. अभिप्रायाची वही बाहेर जायच्या दाराशी ठेवा, आत येताना ठेवली तर लोक चित्रे न पाहताच लिहितात. चित्रे विकायची असतील तर किमतींचा कागद वेगळा ठेवा आणि प्रत्येक चित्राच्या किती प्रती निघणार ते आधीच ठरवून प्रमाणपत्रावर लिहा. तो आकडा नंतर वाढवायचा नाही.

उतरवताना फ्रेम काचेला काच आणि पाठीला पाठ अशा जोडीने, मध्ये पुठ्ठा घालून बांधा आणि गाडीत उभ्याच ठेवा. आडव्या रचल्या तर खालची काच जाते. न विकलेली चित्रे घरी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात त्या भिंती ओल धरतात. आतल्या भिंतीशी, जमिनीपासून ४ इंच उंच फळीवर, सुती चादरीत गुंडाळून ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला एकदा उघडून बघा.